ऑफिसच्या कॅम्पमध्ये निम्म्या टीमचं ट्रायग्लिसराइड वाढलेलं, मग देशात किती जणांचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे घोडबंदर रोडला राहतात, ऐरोलीला आयटीत आहेत, वय ३९. कंपनीच्या वार्षिक चेकअपमध्ये ट्रायग्लिसराइड (म्हणजे रक्तात फिरणारी चरबी) २१२ आलं, टोटल कोलेस्टेरॉल १८४, एचडीएल (म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ते कमी असणं वाईट) ३६, शुगर नॉर्मलच्या जरा वरच्या टोकाला. टीममधल्या चौदा जणांनी रिपोर्ट जुळवून बघितले तर आठ जणांचं ट्रायग्लिसराइड १५० च्या, म्हणजे नॉर्मलच्या रेघेच्या, वर. मग त्यांचे तीन प्रश्न: भारतात नक्की किती टक्के लोकांना हे असतं, इतक्या लोकांना असेल तर नॉर्मलच ना मग, आणि लॅबने काही घोळ घातला असेल का.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, ठाण्यात बरीच वर्षं लॅब चालवते, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर माझं तोंड आधी उघडणार हे साहजिक आहे, पण क्रमाने जाऊ. उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी सरळ आकडा. आपल्याकडे देशपातळीवरचा धड अभ्यास म्हणजे आयसीएमआरचा (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) इंडियाब, जो चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने आयसीएमआरबरोबर केला. २००८ पासून २०२० पर्यंत टप्प्याटप्प्याने राज्यं घेत गेले, शहर आणि गाव दोन्ही, वीस वर्षांच्या वरचे लोक, घरोघरी जाऊन, एकूण १ लाख १३ हजारांच्या वर माणसं. त्याचा एकत्रित निकाल २०२३ मध्ये आला आणि तेव्हा पेपरात सगळीकडे डायबिटीसचे ११.४ टक्के गाजले, पण त्याच पेपरमध्ये लिपिडचेही, म्हणजे रक्तातल्या चरबीचेही, आकडे आहेत आणि ते फारसे कोणी वाचले नाहीत. ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त असलेले ३२ टक्के. म्हणजे तीनात एक. टोटल कोलेस्टेरॉल वाढलेले २४ टक्के, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढलेले जवळपास २१ टक्के आणि एचडीएल कमी असलेले तब्बल ६७ टक्के. काही ना काही बिघाड असलेले ८१ टक्के! त्याच अभ्यासात डायबिटीसचे ११.४ टक्के म्हणजे १० कोटी १० लाख लोक असा हिशोब धरलाय, तोच हिशोब इथे लावला तर ट्रायग्लिसराइड वाढलेले २८ कोटींच्या आसपास होतात. हा गुणाकार मी केलेला आहे, पण ढोबळ अंदाज यायला पुरे.

याच्या आधी २०१४ मध्ये याच अभ्यासाच्या पहिल्या टप्प्याचे लिपिडचे आकडे आले होते, तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड, एवढ्याच चार ठिकाणचे. त्यात ट्रायग्लिसराइड २९.५ टक्के, कोलेस्टेरॉल फक्त १३.९ टक्के, आणि एचडीएल कमी असलेले ७२.३ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून "बघा वाढलं" असं लगेच म्हणू नका, कारण राज्यं वेगळी आहेत आणि वर्षंही वेगळी. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की दोन्ही वेळा चित्र तेच आहे: आपल्याकडे कोलेस्टेरॉलपेक्षा ट्रायग्लिसराइड जास्त लोकांचं वाढलेलं, आणि एचडीएल तर निम्म्याहून जास्त लोकांचं खाली. तुमचाच रिपोर्ट बघा ना, टोटल कोलेस्टेरॉल १८४, म्हणजे हिरव्या रंगात, आणि खाली २१२ आणि ३६ दोन्ही लाल. हा अगदी टिपिकल देशी रिपोर्ट आहे, मी रोज सही करते अशांवर. आणि गंमत म्हणजे लोक वरची ओळ बघतात, "कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे हो" म्हणतात आणि फाईल कपाटात जाते.

आता अमेरिकेशी तुलना केल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, तर तिकडे त्यांच्या सरकारी सर्व्हेत २००१ ते २००४ दरम्यान ३३ टक्के प्रौढांचं १५० च्या वर होतं आणि २००९ ते २०१२ मध्ये ते २५ टक्क्यांवर आलं. म्हणजे त्यांचं चारात एक झालं तेव्हा आपलं तीनात एकच्या जवळ. आणि ते आपल्यापेक्षा जाड! इथेच खरी मेख आहे. आपल्याकडे वजनकाट्यावर बरा दिसणारा माणूस सुद्धा पोटात चरबी साठवून बसलेला असतो, त्यामुळे नुसत्या वजनावरून अंदाज बांधला की फसगत होते. बीएमआय सोडा, इंचपट्टी घ्या, पुरुषाचा कमरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बाईचा ८० च्या वर असेल आणि जोडीला ट्रायग्लिसराइड वाढलेलं असेल तर आत इन्सुलिन नीट काम करत नाहीये असं समजायला हरकत नाही, शुगर अजून नॉर्मल असली तरी.

पण "तीनात एक" हा आकडा आहे तसा गिळू नका, त्याच्या पोटात बऱ्याच गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे १५० ही रेघ. ही निसर्गाने मारलेली नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने असं ठरवलं की १५० च्या खाली नॉर्मल, १५० ते १९९ काठावर, २०० ते ४९९ जास्त, ५०० आणि पुढे खूप जास्त. तेव्हापासून जगभर तेच चालतं, आपल्या लॅबच्या रिपोर्टवर उजवीकडे बारीक अक्षरात छापलेलं असतं तेही तेच. आता ट्रायग्लिसराइडचा स्वभाव असा की लोकसंख्येत त्याचा आलेख एका बाजूला कललेला असतो, बहुतेक लोक ८० ते १६० मध्ये गर्दी करून उभे, आणि उजवीकडे लांबच लांब शेपटी, ३००, ६००, १२०० पर्यंत. रेघ नेमकी गर्दीच्या काठावर आहे. त्यामुळे ती जरा इकडे केली की कोट्यवधी लोक आजारी होतात आणि जरा तिकडे केली की तेवढेच बरे होतात, एकानेही एक घास कमी न खाता. म्हणून कोणीही टक्केवारी सांगितली की पहिला प्रश्न विचारायचा, किती च्या वर धरलंय? १५० की २००? काही अभ्यासात आधीच गोळी चालू असलेल्यांनाही मोजतात, काहींत नाही, तोही फरक पडतो.

दुसरी म्हणजे हा आकडा एका माणसातच रोज हलतो. कोलेस्टेरॉल त्या मानाने शांत प्राणी आहे, आज आणि पंधरा दिवसांनी फार फरक नाही. ट्रायग्लिसराइडचं तसं नाही, काहीही न बदलता एकाच माणसात वीस टक्के वरखाली सहज होतं. आज १४०, पुढच्या महिन्यात १८०, त्याच्या पुढच्या महिन्यात १५५. पेशंट फोन करून भांडतात, "मॅडम तुमच्याकडे १८० आणि स्टेशनजवळच्या लॅबमध्ये १४५, कोण खरं?" दोघंही खरे असू शकतात. आता सर्व्हेत काय होतं, एकदाच रक्त घेतात. दरवेळी एवढं हलणारी गोष्ट एकदाच मोजली की रेघेच्या अलीकडचे काही लोक उगाच पलीकडे जातात आणि पलीकडचे काही अलीकडे येतात, पण अलीकडे गर्दी जास्त असल्यामुळे हिशोब शेवटी पलीकडे झुकतो. त्यामुळे एका सॅम्पलवर काढलेली टक्केवारी थोडी फुगलेली असते. थोडीच हं, तीनात एकचं दहात एक होत नाही. पण एका माणसाच्या एका रिपोर्टवर निकाल देऊ नये याचं कारण हेच.

तिसरी गोष्ट उपाशीपोटी की जेवून. जेवणातली चरबी आतड्यातून रक्तात येते, तीनचार तासांनी सगळ्यात वर असते, मग हळूहळू साफ होते, म्हणून पूर्वीपासून दहा-बारा तास उपाशी राहून रक्त द्यायची पद्धत. साधं जेवण असेल तर सरासरी फरक फार नसतो, वीस-पंचवीस पॉइंटचा, म्हणून आता युरोपात २०१६ पासून आणि आपल्याकडेही कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या गाइडलाइनपासून नेहमीच्या तपासणीला उपाशी राहायची सक्ती नाही. युरोपवाले तर जेवून घेतलेल्या सॅम्पलला रेघ १७५ वर धरतात. पण हे सरासरीचं झालं. ज्याचं मुळातच जास्त आहे त्याचं जेवल्यावर फार चढतं, त्याला उपाशीपोटीच परत बोलवावं लागतं.

आणि आपल्याकडची उपाशीपोटी ही काय चीज आहे ते मला विचारा. सकाळी साडेसहाला आमचा मुलगा सॅम्पल घ्यायला मानपाड्याला किंवा हिरानंदानीला जातो, "काही खाल्लं नाही ना?" "नाही नाही, काहीच नाही." रात्री किती वाजता जेवलात? तेव्हा कळतं की साहेब ऑफिसमधून निघून ठाणे स्टेशनचा ट्रॅफिक पार करून घरी पोचले पावणेअकराला, जेवले साडेअकराला, त्यात बिर्याणी मागवलेली, आणि सकाळी साडेसहाला आमच्यापुढे हात. झाले सात तास. शुक्रवारी रात्री बसून दोन पेग मारलेले असतील आणि शनिवारी सकाळी सॅम्पल, तर विचारूच नका, दारू लिव्हरला चरबी जाळू देत नाही आणि वर नवीन चरबी बांधून रक्तात सोडायला लावते. नवी मुंबईच्या गावठाणात लग्नसराईत हळदीच्या आठवड्यात आलेले रिपोर्ट मी जरा सावधपणेच वाचते. आणि चतुर्थीचा उपास म्हणून आदल्या दिवशी दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर शेंगदाण्याचा लाडू, हे तर बरंचसं स्टार्च आणि साखरच झालं.

तुमच्या कॅम्पबद्दल तुम्ही पुढच्या निरोपात सांगितलंत की सोमवारी होता, ऑफिसच्या कँटीनमध्ये, साडेदहा वाजता, आणि अर्धे लोक नाश्ता करून आलेले. मग चौदातले आठ यात मला काहीच आश्चर्य नाही. रविवारचं मटण, सोमवारचा नाश्ता, त्यात सगळे तीस ते पंचेचाळीसमधले, बहुतेक पुरुष, दिवसभर खुर्चीत. पुरुषांमध्ये हे बायकांपेक्षा जास्त असतं, चाळिशी-पन्नाशीत सगळ्यात वर, बायकांचं पाळी गेल्यावर चढतं. शहरात गावापेक्षा जास्त. तुमची टीम म्हणजे देशाचा नमुना नव्हे, देशातला सगळ्यात जास्त ट्रायग्लिसराइडवाला कोपरा आहे तो. तसंच माझ्या लॅबच्या कॉम्प्युटरमधून टक्केवारी काढली तर ३२ पेक्षा बरीच मोठी येईल, पण तोही देशाचा आकडा नाही, कारण माझ्याकडे माणूस येतो तोच मुळात डॉक्टरने पाठवलं म्हणून, नाहीतर मार्चमध्ये इन्कम टॅक्सच्या सवलतीसाठी चेकअपचा खर्च दाखवायचा म्हणून. मोठमोठ्या लॅबवाल्यांच्या बातम्या येतात ना मधूनमधून, "आमच्याकडच्या इतक्या लाख सॅम्पलमध्ये इतके टक्के बिघाड", त्या वाचताना हे लक्षात ठेवा. लॅबमध्ये आलेले लोक आणि देशातले लोक यात फरक आहे, म्हणून तर घरोघरी जाऊन रक्त घ्यायचा खटाटोप करावा लागतो, आणि तो खटाटोप महाग असतो म्हणून इंडियाबमध्ये सुद्धा लिपिडचं शिरेतलं रक्त सगळ्यांचं नाही, दर पाचव्या माणसाचं घेतलं.

आता लॅबचा घोळ. होऊ शकतो, पण तुम्हाला वाटतो तसा नाही. आम्ही ट्रायग्लिसराइड थेट मोजत नाही, एन्झाइमने ते फोडतो आणि त्यातून निघालेलं ग्लिसरॉल मोजतो. क्वचित एखाद्या माणसाच्या रक्तात जन्मजात दोषामुळे मोकळं ग्लिसरॉलच जास्त असतं, तेव्हा मशीन खोटा मोठा आकडा देतं, पण हे इतकं दुर्मिळ आहे की तुमच्या आठ जणांना लागू नाही. नेहमीचं म्हणाल तर मशीनचं कॅलिब्रेशन नि कंट्रोल नीट असतील तर २१२ चं २०५ किंवा २२० होईल, १३० होणार नाही.

आणि खरंच जास्त असेल तर मशीनच्या आधी डोळ्यालाच दिसतं. ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढली की वरचं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, गवती पिवळं, आरपार असतं, ट्यूबच्या मागे धरलेलं लेबल वाचता येतं. तीनशे-चारशेच्या पुढे ते गढूळ व्हायला लागतं, लेबलची अक्षरं पुसट होतात. हजाराच्या पुढचं सीरम दुधासारखं पांढरं असतं, नवीन टेक्निशियन आला की पहिल्यांदा बघून घाबरतोच. अशी ट्यूब रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवली की सकाळी वर साय धरते, अक्षरशः, आणि खालचं गढूळच राहतं. साय म्हणजे जेवणातून आलेली चरबी, खालचं गढूळ म्हणजे लिव्हरने बनवून सोडलेली. जुने लोक एवढ्यावरून निदानाची दिशा ठरवायचे. आणि असल्या सॅम्पलमध्ये बाकीच्या तपासण्या पण बिघडतात बरं का, हिमोग्लोबिन खोटं वाढून येतं, सोडियम खोटं कमी येतं, एलडीएल तर काढताच येत नाही. बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशोबाने काढतात: टोटलमधून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. तुमचं १८४ वजा ३६ वजा ४२, म्हणजे १०६ च्या जवळपास, तुमच्या रिपोर्टवर हेच असेल बघा. हे सूत्र १९७२ चं आहे आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की चालत नाही. तेव्हा डायरेक्ट एलडीएल करा म्हणून रिपोर्टवर लिहिलेलं असतं ते लॅबने बिल वाढवायला लिहिलेलं नसतं, एवढं आमच्या बाजूने बोलून घेते.

तर मग दुसरा प्रश्न, इतक्यांना आहे म्हणजे नॉर्मलच ना?

नाही. कॉमन आहे, नॉर्मल नाही. ठाण्यात निम्म्या लोकांचे दात किडलेले निघाले म्हणून किडका दात नॉर्मल होत नाही. रेफरन्स रेंज आम्ही आजूबाजूच्या लोकांची सरासरी काढून छापत नाही, निदान लिपिडच्या बाबतीत तरी नाही, ती धोका कुठून वाढतो यावरून ठरलेली आहे. जर आपल्याच लोकांची सरासरी काढून रेंज केली असती तर तुमचं एचडीएल ३६ पण मस्त नॉर्मल आलं असतं, कारण ६७ टक्के लोक तुमच्याबरोबर आहेत.

पण त्याच वेळी २१२ बघून झोप उडवायचीही गरज नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक शेपटीचं टोक, ५०० च्या वर, आणि विशेषतः हजाराच्या वर. तिथे भीती स्वादुपिंडाची असते, पॅन्क्रिआटायटिस, पोटात असह्य दुखून माणूस आयसीयूत जातो. अमेरिकेच्या आकड्यांत ५०० च्या वर दोन टक्क्यांपेक्षाही कमी लोक आहेत. म्हणजे तीनात एक वाले बहुतांश लोक १५० ते ३०० मध्येच घुटमळत असतात. शेपटीतल्या लोकांना त्या आकड्यावरच लगेच औषध लागतं, आणि कारण शोधावं लागतं: डायबिटीस हाताबाहेर गेलाय का, थायरॉइड, किडनीतून प्रोटीन जातंय का, दारू किती, आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत. गोळ्यांचं लोक सांगतच नाहीत. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनोइन घेणारी कॉलेजची मुलगी, मानसिक आजारासाठी ओलान्झापिन घेणारा माणूस, दम्यासाठी वरचेवर स्टिरॉइड, यातल्या प्रत्येकाने ट्रायग्लिसराइड चढू शकतं. पण म्हणून त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, फक्त डॉक्टरला सांगायचं.

दुसरी गोष्ट तुमच्यासारखे, १५० ते ४९९ वाले. इथे भीती हार्टची. आणि इथे औषधांचा इतिहास जरा नामुष्कीचाच आहे. ट्रायग्लिसराइड खाली आणणाऱ्या गोळ्या आहेत, आकडा खाली येतोही, पण आकडा खाली आला म्हणजे हार्ट अटॅक टळला असं निघालं नाही. २०१० मध्ये अकॉर्ड नावाच्या अभ्यासात डायबिटीसच्या पेशंटना स्टॅटिनवर (कोलेस्टेरॉल उतरवणारी नेहमीची गोळी) ट्रायग्लिसराइडची गोळी फेनोफायब्रेट जोडून बघितलं, एकूण फायदा नाही. २०२२ मध्ये प्रॉमिनंटमध्ये दहा हजारांच्या वर डायबिटीसचे पेशंट घेऊन त्याच जातीची नवी गोळी पेमाफायब्रेट दिली, ट्रायग्लिसराइड चांगलं पाव हिश्श्याने उतरलं, अटॅक आणि स्ट्रोक तेवढेच. माशाच्या तेलाचं तर अजून विचित्र, २०१८ मध्ये एका शुद्ध प्रकाराच्या रोज ४ ग्रॅम डोसने २५ टक्के धोका कमी झाला म्हणून गाजावाजा झाला आणि २०२० मध्ये दुसऱ्या प्रकारच्या तेलाने तेवढ्याच डोसला काहीच झालं नाही. मेडिकलमधून स्वतःच आणलेली ओमेगा ३ ची एक कॅप्सूल रोज घेऊन काय होईल याचा अंदाज यावरून करा, तिच्यात ४ ग्रॅमच्या जवळपासही काही नसतं. त्यापेक्षा बांगडा नि तारली खा, स्वस्त पडेल आणि चवीलाही बरं, फक्त तळून नको.

यातून मी काय समजते, तर या पट्ट्यातलं ट्रायग्लिसराइड हे बहुतेक वेळा स्वतः गुन्हेगार कमी आणि गुन्हेगारांच्या टोळीतला ओळखू येणारा चेहरा जास्त. त्याच्याबरोबर कोण कोण आहे ते बघायचं. एचडीएल खाली, पोट पुढे, शुगर वर सरकत असलेली, बीपी काठावर, सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर. हे सगळे एकाच घरातले आहेत. लिव्हरला गरजेपेक्षा जास्त साखर-स्टार्च मिळालं, इन्सुलिनचं कोणी ऐकेनासं झालं, की लिव्हर त्याची चरबी बनवते, काही स्वतःतच साठवते म्हणजे फॅटी लिव्हर, काही पॅकेट करून रक्तात सोडते म्हणजे ट्रायग्लिसराइड, आणि या गडबडीत एचडीएल लवकर झिजून जातं. म्हणून कोलेस्टेरॉल नॉर्मल आणि हे दोन लाल.

आणि म्हणूनच आपल्याकडे हे इतकं कॉमन का, याचं उत्तर बऱ्याच अंशी ताटात आहे. इंडियाबच्याच लोकांनी २०२५ मध्ये आहाराचे आकडे काढले, त्यात भारतीय माणसाच्या कॅलरीतल्या ६२ टक्के कार्बोहायड्रेटमधून येतात, आणि त्यातलं बरंचसं पांढरा भात, दळलेलं धान्य नि साखर. मी रिपोर्ट हातात देते तेव्हा लोक पहिलं वाक्य म्हणतात "मॅडम, तेल-तूप बंदच केलंय." तूप बंद, आणि सकाळी पोहे, चहाबरोबर चार बिस्किटं, अकराला परत चहा, दुपारी पोळीवर भात, चारला ऑफिसखाली वडापाव, संध्याकाळी घरी परत चहा-खारी, रात्री भात. तुपाची काळजी करण्याआधी दिवसातल्या चहातली साखर मोजा. खरंच मोजा, एका दिवसाचे चमचे कागदावर लिहा. फळांचा रस पण त्यातच धरायचा, रसवंतीवरचा उसाचा रस तर आधी.

जनुकांचाही भाग आहे, नाही असं नाही. काही घराण्यांत हे चालत येतं, वडलांचं ३००, मुलाचं ३५०, दोघंही सडपातळ. एकाच जनुकातल्या मोठ्या दोषाने हजारो पर्यंत जाणारा प्रकार मात्र दहा लाखांत एखाद-दुसरा. बाकी आपल्यासारख्यांत अनेक जनुकांचा थोडा थोडा हात असतो आणि वर खाणं, पोट नि बैठं काम त्याला हवा देतं. अमेरिकेत उलटं उदाहरण आहे, तिथल्या कृष्णवर्णीय लोकांत डायबिटीस भरपूर असूनही ट्रायग्लिसराइड त्या मानाने कमी निघतं. म्हणजे एकच १५० ची रेघ सगळ्या वंशांत सारखीच माणसं पकडते असं नाही, आणि आपल्यात ती जरा जास्तच पकडते.

आता तुमचं. २१२ हे बहुधा नाश्त्याचं आणि रविवारचं मिळून आहे, पण ३६ एचडीएल नाश्त्याने होत नाही, त्यामुळे सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. दोनतीन आठवडे नेहमीसारखं राहून, उगाच आठवडाभर सॅलड खाऊन लॅबला फसवायला येऊ नका, एक सॅम्पल परत द्या. आदल्या रात्री आठला जेवण, तीन दिवस दारू नाही, सकाळी पाणी चालेल. लिपिड प्रोफाइलबरोबर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), टीएसएच (थायरॉइड), एसजीपीटी (लिव्हर) आणि क्रिएटिनिन (किडनी) करून घ्या, वेगवेगळ्या दिवशी पाच वेळा हात टोचून घेण्यापेक्षा एकदाच. इंचपट्टीने कंबर मोजा, बेंबीच्या पातळीला, पोट आत न ओढता. रिपोर्ट आला की टोटलमधून एचडीएल वजा करा, तुमचं आत्ता १४८ येतं, याला नॉन-एचडीएल म्हणतात आणि ट्रायग्लिसराइड वाढलेलं असताना एलडीएलपेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो, २०२४ च्या आपल्या गाइडलाइनमध्ये पण त्यावरच भर आहे. स्टॅटिन लागेल का नाही हे तुमचे फिजिशियन हा आकडा, बीपी, सिगारेट आणि वडील-भावांना कमी वयात अटॅक आला होता का हे सगळं बघून ठरवतील, २१२ बघून नाही. वडलांचं तुम्ही काही लिहिलं नाहीये, ते त्यांना आठवणीने सांगा.

वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरलं तरी ट्रायग्लिसराइड साधारण वीस टक्के खाली येतं, म्हणजे ८० किलोचा माणूस ७४ वर आला की फरक दिसतो, आणि तो दोनतीन महिन्यांत रिपोर्टवर दिसतो. तेवढ्या वेळाने परत तपासा, त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने उपाशीपोटी. आणि बाकीच्या सात जणांनाही सांगा की सोमवारचा कँटीनमधला रिपोर्ट घेऊन थेट गोळी मागायला जाऊ नका, आधी परत सॅम्पल. फक्त त्यांच्यात कोणाचं ५०० च्या वर असेल तर त्याला थांबायला सांगू नका, त्याने याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं, आणि मधेच पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून पाठीकडे कळ गेली नि उलट्या झाल्या तर ॲसिडिटीची गोळी घेऊन झोपायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.